एकटा भोंगा

"सर, डोंगर चढून पोरगं फिटर होतं का?"

पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी यायचा. विचारणारा बदलायचा, प्रश्न तोच. कधी फाउंड्रीत साचे भरणारा बाप, कधी लेथवरचा, कधी बीड-उस्मानाबादकडून दुष्काळात आलेला आणि अजून गेटवर कामाची वाट बघणारा. पहिल्या वर्षी मी उसळून भाषण ठोकलं. दुसऱ्या वर्षी नुसताच उसळलो. तिसऱ्या वर्षी मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेल्या इनामदार बाई म्हणाल्या, "नाही होत. पण फिटर झाल्यावर साहेब ओरडला तर पाय लटपटत नाहीत." सभेत हशा पिकला आणि त्या वर्षी मोहिमेला नावं जास्त आली.

चिंचवडच्या एका शाळेत मी नोकरीला आहे. पगार मिळतो तो मराठी आणि इतिहास शिकवण्याचा. माझं खरं काम मात्र दिवाळीच्या सुट्टीत सुरू होतं, जेव्हा आम्ही नववी-दहावीच्या वीसेक मुलांना घेऊन मावळच्या डोंगरात जातो. हे काम इनामदार बाईंनी सुरू केलं. बाई भूगोल शिकवतात. पन्नाशीला टेकल्या आहेत, पाचवारी साडीचा काष्टा मारून कॅनव्हासच्या बुटांत चढतात, आणि वर्गात जेवढ्या बोलतात त्याच्या पावपटही डोंगरात बोलत नाहीत. मी त्याच्या उलटा. आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. चुलते युनियनचं काम करायचे, सायक्लोस्टाइलच्या शाईचे डाग आमच्या उशांवरसुद्धा असत, आणि मी अक्षरं शिकलो ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवरून. त्यामुळे गप्प बसणं हा माझा विषय नव्हे.

आणि गप्प का बसावं? डोंगर कुणाचे आहेत? पुण्यातल्या चांगल्या शाळांची मुलं दोर, बूट आणि डबाबंद खाऊ घेऊन गिर्यारोहणाला जातात, तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. आमच्या मुलांना मात्र सगळे मिळून सांगतात, 'तुम्ही हातोडी धरायला शिका.' ज्या मुलांच्या बापांनी या पट्ट्यातले कारखाने उभे केले आणि ज्यांच्या आज्यांची शेतं त्या कारखान्यांखाली गेली, त्यांना स्वतःचा सह्याद्री आगगाडीच्या खिडकीतून बघायचा? हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, मोहीम म्हणजे सहल नव्हे. सहलीला बस असते, आचारी असतो आणि मास्तर शिट्टी वाजवतो. मोहिमेत पाठीवर जेवढं मावेल तेवढंच तुमचं. सराव महिनाभर आधी सुरू होतो. निगडीच्या पुढं तेव्हा प्राधिकरणाच्या प्लॉटांचे दगड रोवलेले नुसते माळ होते. त्या माळांवरून घोरावडेश्वराच्या डोंगरापर्यंत मुलं पिशवीत विटा भरून जायची. टाचेला फोड आला की फोडायचा नाही. सुईनं त्यातून दोरा ओवायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडी शाबूत राहते. सर्वांत सावकाश चालणारा पुढच्या फळीत, दमदार गडी शेवटी. या सगळ्या गोष्टी आठवड्यात शिकता येतात.

बाकीचं मात्र मुलांनी स्वतःच घडवलं. प्रत्येक दिवसाचा एक प्रमुख असतो. आम्ही त्याला नायक म्हणायचो. मुलांनी पहिल्याच वर्षी तो शब्द टाकून दिला आणि 'मुकादम' म्हणायला लागली. रात्रीचा पहारा फर्स्ट, सेकंड आणि थर्ड शिफ्टमध्ये वाटला. संध्याकाळी जुना मुकादम नव्याला चार्ज द्यायचा, कारखान्यात पाळी बदलताना देतात तसा. तांदूळ किती उरला, कोणाच्या पायाला काय झालंय, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आज कोण कोणाशी बोलत नाही. हे शेवटचं कलम कुठल्याही गिर्यारोहणाच्या पुस्तकात नसेल. ते आमच्या पोरांचं आहे.

एका वर्षी एका सुपरवायझरचा मुलगा आला होता. खिचडीचं पातेलं घासायची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे भांड्यांना बाई येते." त्या दिवशीचा मुकादम एका हेल्परचा मुलगा होता. तो शांतपणे म्हणाला, "इथंपण येते. आज ती तूच." पोरगं आधी लाल झालं, मग हसलं, मग राखेनं पातेलं असं घासलं की त्यात चेहरा दिसावा. तास-दोन तास भाषण करून मला जे साधलं नसतं ते एका वाक्यात झालं. अशा वेळी मला माझ्या पेशाचा फार अभिमान वाटतो, जरी त्यात माझं काहीच नसलं तरी.

बाईंचा एक नियम मात्र मला जड जायचा. मोहिमेचा शेवटचा दिवस पूर्ण मुलांचा. वाट, वेळ, थांबे, सगळं मुकादम ठरवणार, शिक्षकांनी मागून मुकाट चालायचं. जिवावर बेतलं तरच बोलायचं. त्या सकाळी बाई माझ्या हातावर आवळकाठी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही चघळा. तोंड रिकामं राहिलं की शब्द येतात." माझा वाद वेगळा होता. मी मुलांना सगळं हात वर करून मतानं ठरवायला शिकवलं होतं. बाई म्हणायच्या, "डोंगराला बहुमत कळत नाही हो." मी म्हणायचो, "माणसांना कळतं की." हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालला आणि दोघांनाही त्यात मजा यायची.

आता त्या मोहिमेकडे येतो, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

तोवर मोहिमेत फक्त मुलगे असत. नववीतल्या कौशल्यानं एक दिवस भूगोलाच्या तासाला उभं राहून विचारलं, "बाई, सह्याद्रीच्या रांगा आमाला पण पाठ करायला लावता. मग बघायला काऊन नेत नाही?" कौशल्याचं घर दुष्काळात बीड जिल्ह्यातून आलेलं. बाप फाउंड्रीत कामाला. मुलगी काटकुळी, आवाज बारीक, पण बोलली की वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. बाईंनी तोच प्रश्न जसाच्या तसा शाळेच्या कमिटीपुढे ठेवला.

कमिटीचे सेक्रेटरी एका कंपनीत कामगार अधिकारी होते. बैठे संप, घेराव, घोषणा सगळं पचवलेला माणूस. दुष्ट नव्हते, पण दिलेल्या शब्दापलीकडे सुतभर न सरकण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी परवानगी दिली ती अटीवर. "एक मोहीम, प्रयोग म्हणून. शेवटच्या दिवशी दिवेलागणीच्या आत सगळ्या मुली चिंचवड स्टेशनवर पालकांच्या ताब्यात. एक जरी मुलगी अंधारात आली, तर मुलींचं प्रकरण कायमचं बंद. मग माझ्याकडे यायचं नाही."

सात मुली आल्या. कोंडेश्वर, ढाकचं पठार आणि परत जांभिवली असा बेत होता. त्या मुलींनी किती ओझं वाहिलं आणि चुलीपुढे किती कमी वेळा बसल्या, यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. कारण पहिल्याच दिवशी कौशल्यानं जाहीर केलं होतं, "सैपाक आमी घरी रोज करतो. हितं पोरं शिकतील." आणि पोरं शिकली. भात खाली लागला, वर कच्चा राहिला, तरी शिकली.

शेवटच्या दिवसाची मुकादम म्हणून कौशल्याची निवड झाली. आदल्या संध्याकाळी दिलीपनं तिला चार्ज दिला. दिलीप आमच्याच भागातल्या जुन्या शेतकरी घरातला, अंगानं थोराड, थट्टेखोर. "घ्या मुकादमीणबाई. तांदूळ संपला, डाळ मूठभर हाय, नलूच्या टाचेला फोड हाय. आन् आज समदे समद्यांशी बोलत्यात. इतकं चांगलं खातं कुनाला भेटलं न्हाई."

सकाळी आम्ही पठारावर जागे झालो तेव्हा दहा-बारा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. दिवाळीनंतर कधी कधी कोकणातल्या दऱ्यांतून असं धुकं वर येतं. माणसाएवढं गवत, त्यात गुरांच्या वाटा, आणि प्रत्येक वाट जांभिवलीचीच वाटते. मोहिमेत होकायंत्र एकच होतं आणि त्याचा काटा कित्येक दिवस अडकलेला होता. कमिटीनं नवं मंजूर केलं नव्हतं. जांभिवलीहून कामशेतला दुपारी एकच एसटी होती. ती चुकली तर डांबरी रस्त्यानं कामशेतपर्यंत पायपीट, म्हणजे चिंचवडला अंधार ठरलेलाच. कौशल्याला हे सगळं पाठ होतं.

बाईंनी मला आवळकाठी दिली. आम्ही निघालो. थोडं चाललो असू, तोच धुक्यातून भोंगा ऐकू आला.

पिंपरी-चिंचवडच्या पोराला कारखान्याचा भोंगा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्या मुलांच्या घरी घड्याळ नसे, भोंगा असे. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर बापाचा डबा भरायचा, भोंग्यावर शाळेला निघायचं. घर कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा त्यांना भोंग्यावरून कळायचं. तीन दिवस डोंगरात काढल्यावर तो आवाज आला तेव्हा पोरांचे चेहरे असे उजळले, की जणू आईनंच हाक मारली.

"भोंगा! आपला भोंगा!" दिलीप ओरडला. "तिकडं हाय घर. चला रं!"

आणि सगळी रांग डावीकडे वळली.

आम्ही पठाराच्या पश्चिमेच्या अंगाला होतो. तो भोंगा खाली कोकणातला होता, खोपोलीकडच्या कुठल्या तरी कारखान्याचा. आमच्या घराची दिशा नेमकी त्याच्या उलट. आणि त्या आवाजाच्या वाटेवर पठार संपत होतं आणि सरळ कडा होता. मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः भराभर चालत रांगेच्या पुढच्या टोकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. फक्त अशा जागी उभ्या राहिल्या, की कुणी दहा पावलं पुढे गेला तर हाताला धरता यावा.

"थांबा," कौशल्या म्हणाली.

"आता काय?"

"हा आपला भोंगा नाही."

"वा गं! जनमापास्नं ऐकतोय मी. मला वळखू येत न्हाई व्हय?"

"दिलीप, पिंपरीत भोंगा कधी एकटा वाजतो का रे?" तिनं विचारलं. "एक वाजला की शेजारचा वाजतो, मग पलीकडचा. कोंबड्यावानी एकामागं एक. हा एकटाच वाजला आन् गप झाला. हे दुसरंच कुठलं तरी गाव आहे."

रांगेत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, "इतक्या लांबून मोठ्या कंपनीचाच येणार ना. बारक्यांचा कसा येईल?" हे म्हणणंही बिनतोड वाटलं. दुसरी मुलगी नलू जवळजवळ रडकुंडीला आली होती. "कौशे, एसटी चुकेल. भोंग्यामागं गेलो तर निदान चालायला तरी लागू. अंधार झाला तर आपली मोहीम बंद. तुझ्यामुळं!"

"मत घ्या," दिलीप म्हणाला. "सरांनी शिकवलंय ना? घ्या मत."

हात वर झाले. भोंग्याच्या बाजूनं जवळजवळ सगळे. मुलींतल्या पाचजणी. कौशल्याच्या बाजूनं ती स्वतः आणि एक मुलगी, तीही अर्धा हात.

मी आवळकाठी दाढेखाली धरून उभा होतो. मला बहुमत प्रिय होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत वीस मुलांना कड्याकडे नेत होतं, आणि तरीही कौशल्यानं ते धुडकावून लावलं असतं तर माझ्या मनात काहीतरी मोडलं असतं.

तिनं धुडकावलं नाही. तिनं वर झालेले हात एकदा मोजले. मग म्हणाली, "ठीक. कुठं जायचं हे मतानं ठरलं. मान्य. पण आत्ता निघायचं का धुकं गेल्यावर निघायचं, याचं मत झालं नाही. ते मुकादम ठरवतो. मी म्हणते, बसा."

"अगं एसटी..."

"गेली एसटी."

"आन् मुलींची मोहीम?" दिलीपनं विचारलं.

त्या मुलीनं ही मोहीम एका प्रश्नानं सुरू केली होती आणि आता ती स्वतःच्या हातानं बंद करायला निघाली होती. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. "जाऊ दे," ती म्हणाली. "बसा म्हणते ना."

ती पिशवी टाकून बसली. दिलीप उभाच राहिला, मग धपकन बसला. एकेक करत सगळे बसले. कोणी तिच्याशी बोलेना. नलूनं पाठ फिरवली. बाई रांगेच्या टोकाला उभ्याच होत्या. मी कित्येक सभा पाहिल्या आहेत, शेकडो माणसं एका घोषणेवर उठलेली पाहिली आहेत. पण आपल्याच माणसांच्या रागात बसून राहणारं असं कुणी तोवर पाहिलं नव्हतं. धुकं उठायला सकाळ उलटली. तोवर तिनं दोनदा नलूच्या टाचेचा दोरा बघितला. दोन्ही वेळा नलूनं पाय पुढे केला, पण तोंड फिरवलेलंच ठेवलं.

मग वारा सुटला. आधी गवताची टोकं दिसली, मग पुढचा खडक, आणि खडकाच्या पुढे काहीच नव्हतं. खूप खाली कोकण होतं. काड्यापेटीएवढे कारखाने आणि त्यांतून निघणारा धूर. दिलीप चार पावलं पुढे गेला, वाकून बघितलं आणि तसाच मागे येऊन खाली बसला.

"आयला," एवढंच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "मुकादमीणबाई, बोला. कंच्या वाटेनं?"

"मत घ्यायचं का?" कौशल्यानं विचारलं. पहिल्यांदाच सगळे हसले, नलूसुद्धा.

एसटी गेलेलीच होती. डांबरी रस्त्यानं आम्ही कामशेतपर्यंत चाललो. नलूची पिशवी आळीपाळीनं मुलांनी घेतली. पुढच्या गाडीनं चिंचवडला उतरलो तेव्हा स्टेशनवरचे दिवे कधीच लागले होते. फलाटावर पालकांची गर्दी होती, आणि गर्दीच्या पुढे सेक्रेटरीसाहेब.

"बाई, काय ठरलं होतं?"

"आजची मुकादम कौशल्या आहे," बाई म्हणाल्या. "तिला विचारा."

साहेबांनी त्या काटकुळ्या मुलीकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवली नाही. "साहेब, उशीर मी केला. धुक्यात कड्याजवळ होतो. सगळ्यांना बसवून ठेवलं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा बसवीन."

"बरोबर केलंस," साहेब म्हणाले. "पण ठरलं ते ठरलं. मुलींची मोहीम यापुढे नाही."

त्यांचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच दिलीपनं पिशवी फलाटावर आपटली आणि मांडी घालून बसला. "मुली न्हाईत तर आमीबी न्हाई." त्याच्या मागे सगळे मुलगे बसले. मग मुली. फलाटाच्या मधोमध वीस मुलांचा बैठा संप! कुणीतरी घोषणा द्यायला तोंड उघडलं. माझी छाती भरून आली. मी वर्षानुवर्षं जे शिकवलं ते असं समोर उभं, नव्हे बसलेलं, होतं. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. हा खेळ त्यांना पाठ होता, आणि बसलेल्यांपुढे ते कधी नमले नव्हते.

"ऊठ," कौशल्या दिलीपला म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच बसलोय."

"मला विचारलंस का? मुकादम कोण आहे आज?"

"तू."

"मग ऊठ. आया खोळंबल्यात. पोरं घरी गेल्याशिवाय माझं काम संपत नाही. तुमचं भांडण उद्या शाळेत भांडा."

दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. हे आमचं नव्हतं, तिचं होतं. तो उठला, कपडे झटकले. बाकीचे उठले. कौशल्या गर्दीत शिरली आणि एकेका मुलाला ज्याच्या त्याच्या माणसापाशी नेऊन उभं करू लागली. "काकू, ह्याला ताप नाही, पण रात्री खोकला. मामा, ही हिची चादर, ओली आहे." एकेक कुटुंब फलाटावरून निघत गेलं. साहेब जिथं होते तिथंच उभे राहून बघत होते.

शेवटी ती, दिलीप आणि नलू राहिले. त्या दोघांच्याही घरचं कोणी आलं नव्हतं.

"आणि तुला न्यायला कोण आलंय?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही. वडील सेकंड शिफ्टला आहेत, आई बारक्यांपाशी."

"मग तू कशी जाणार?"

"ही दोघं माझ्याच वाटेवर आहेत," ती म्हणाली. "त्यांना पोचवते आन् जाते." आणि नलूचा हात धरून ती निघाली.

साहेब त्या तिघांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली, हातात फिरवली आणि बाईंकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षी मुलींचा सराव जरा लवकर सुरू करा. आणि ते होकायंत्र नवीन घ्या."

कौशल्या तोवर पुलाच्या पायऱ्या चढत होती. तिला हे ऐकूही गेलं नाही.